भिडूचा कान

पुत्तनकरीच्या जेट्टीवर प्रसेनन गेली वीस-बावीस वर्षं उभा आहे. म्हणजे मधूनमधून तो घरी जातो, जेवतो, झोपतो. लग्न केलं, मुलगी झाली, काही वर्षं कोचीला नोकरीही करून आला. पण संध्याकाळचे चार वाजले, की जेट्टीच्या पत्र्याखाली अठ्ठावीस नावाच्या पत्त्यांच्या डावामागे हाताची घडी घालून उभा असलेला माणूस कोण, तर प्रसेनन. बसायला बाक आहे. पण बाक बघ्यांसाठी, आणि आपण बघे आहोत हे त्याने कधी कबूल केलेलं नाही. उभं राहिलं की निदान असं दिसतं, की कुणी उठलं तर हा बसणार आहे. कुणी उठत नाही.

डाव चौघांचा. पद्माक्षन सरकारी बोटीवर सारंग होता. नोकरी संपली तरी पांढरा शर्ट आणि भोंग्यासारखा आवाज त्याने खात्याला परत केला नाही. त्याच्या समोर त्याचा भिडू औसेप्प, नारळाचा व्यापारी, तोंडाला कुलूप नाही. दुसरी जोडी दिवाकरन आणि मासेवाला मैतीन. चहाची टपरी दिवाकरनची, पण तो एकदा पत्ते घेऊन बसला की चहा ज्याचा त्याने ओतून घ्यायचा आणि डाळवडा ज्याचा त्याने शोधायचा.

प्रसेननला त्या डावात एकदाच जागा मिळाली होती, कॉलेजात असताना. औसेप्प तापाने आडवा झाला आणि पद्माक्षनने मागे उभ्या पोराला बोट करून बसवलं. अठ्ठावीसमध्ये हुकूम झाकलेला असतो. उतारीचा रंग हातात नसला तरच 'हुकूम उघडा' म्हणता येतं, आणि म्हटलं की हुकमाचं पान टाकावंच लागतं. तर पद्माक्षनने इस्पिकचा गुलाम टाकला. अठ्ठावीसमध्ये गुलाम सगळ्यात मोठा, म्हणजे हात आपलाच झाला. भिडूने तिथे मुकाट एखादं फालतू पान टाकायचं, बस्स. प्रसेननच्या हातात इस्पिक नव्हतं. आपण कुणासमोर बसलोय या आनंदात त्याचं डोकं फिरलं. तो ओरडला, "हुकूम उघडा!" आणि हुकमाचा गुलाम काढून स्वतःच्याच भिडूच्या गुलामावर आपटला. जिंकलेला हात पुन्हा जिंकला. पुढच्या हाताला, जिथे त्या गुलामावाचून चालणार नव्हतं, तिथे त्याच्याकडे सत्ती होती.

पद्माक्षनने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. औसेप्पला तर तो रोज देतो. पण तो एवढंच म्हणाला, "औसेप्पचा ताप उतरला का बघा जरा."

तेव्हापासून प्रसेननचं गावातलं नाव 'हुकूम उघडा'. लग्नात तो नवरीच्या गळ्यात ताली, म्हणजे आमचं मंगळसूत्र, बांधायला वाकला, तेव्हा मागून औसेप्पने खच्चून तीच आरोळी ठोकली आणि अख्खा मांडव हसला, भटजीसकट. नवरीला कारण कळायला पुढे आठवडा गेला. श्रीकला शाळेत गणित शिकवते. कारण ऐकून ती म्हणाली, "हात तर तुमचाच होता ना? मग पुन्हा कशाला मारलात?" तिलाही बाविसाव्या वर्षी कळलं ते.

असा हा माणूस. दिवसा घरी बसून तो कुठल्याशा कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं करणारे प्रोग्रॅम लिहितो. संध्याकाळी चार ते सहा उभा राहतो. आणि तिथून आलं, की मोबाइलवर खेळायचा अठ्ठावीसचा खेळ बनवत बसतो. एकटाच. तीन वर्षं झाली. श्रीकलाचं म्हणणं, एवढ्यात तर दहावीला तीनदा बसलेला पोरगाही पास होतो.

खेळ मात्र झाला सुरेख, कुणी काही म्हणो. पानं डावीकडून उजवीकडे न जाता आमच्या जेट्टीवरच्यासारखी उलटी फिरतात. मधेच बोटीचा भोंगा वाजतो. कुणी फार वेळ विचार करत बसला तर पत्र्यावरचा कावळा ओरडतो. आणि त्यात कुणुक्कू आहे. प्रसेननच्या मते त्या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

दर जोडीकडे सहा खडे असतात. डाव हरला की एक खडा समोरच्यांना. सगळे खडे गेले की दोघा भिडूंनी कानात फणसाचं पान लटकवायचं, बाईच्या डुलासारखं. हाच कुणुक्कू. पुढचा डाव दोघांनी मिळून जिंकेपर्यंत तो काढता येत नाही. आणि तोवर सहाची बोट येते. त्यातून शाळेतल्या बाया, बँकेतला कारकून, व्याही, सोयरे सगळे उतरतात, बघतात आणि नको ते बोलून जातात. हरण्याचं कुणाला काही नसतं, सगळं दुखणं त्या बोटीचं असतं. म्हणून प्रसेननने खेळात व्यवस्था केली: खेळणाऱ्याने सुरुवातीला स्वतःचा फोटो काढायचा, आणि खडे संपले की त्या फोटोच्या कानात पान लटकून तो आपोआप गावाच्या ग्रुपवर जायचा. मोबाइलमध्ये बोट कुठून आणायची? तर ही बोट.

विशूच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, आदल्या दिवशी त्याने खेळाची कच्ची आवृत्ती लोकांना खुली केली. पूर्ण व्हायला अजून सहा महिने तरी हवे होते. चौघांनी चार मोबाइलवर एकत्र खेळायची सोय अजून नव्हती. तुम्ही एक आणि बाकीचे तिघे यंत्र. यंत्रांना चेहरे नव्हते, कारण प्रसेननला चित्र काढता येत नाही. तिघांच्या जागी तीन करडे गोल होते. आणि बघणाऱ्यांना कुणुक्कू लवकर दिसावा म्हणून खडे सहाऐवजी दोनच ठेवले होते.

चार दिवसांत परमुलखातल्या आपल्या माणसांनी कौतुकाचा पाऊस पाडला. मेलबर्नहून एकाने लिहिलं, भोंगा ऐकून रडू आलं. प्रसेननने ते वाचलं, श्रीकलाला वाचून दाखवलं, पुन्हा वाचलं. पण मेलबर्नचा माणूस जेट्टीवर जागा थोडीच देणार होता? त्याला हवा होता चौघांचा होकार. त्यांनी खेळ बरा आहे म्हटलं की बाकी जगाने थुंकलं तरी चालणार होतं, आणि त्यांनी नाक मुरडलं तर तीन वर्षं पाण्यात. खरं सांगायचं तर चौघांचाही नाही. एकट्या पद्माक्षनचा.

"कच्चं आहे हं अजून," चौघांचे मोबाइल मांडीवर घेऊन त्यात खेळ भरता भरता तो म्हणाला. "आधी नुसतं चाखायला देतोय. काय कमी-जास्त वाटलं तर सांगा."

"म्हणजे भात अर्धा शिजलाय आणि पाहुण्यांना पानावर बसवलंस?" पद्माक्षन म्हणाला.

"शहरात असंच करतात, चेट्टा."

"म्हणून तिथले लोक बाहेर जेवतात."

औसेप्पने स्वतःचा फोटो काढताना केस विंचरले. "माझा भिडू कोण यात?"

"यंत्र."

"हरकत नाही. इथे तरी कोण आहे?" औसेप्प पद्माक्षनकडे न बघता म्हणाला, आणि पद्माक्षनने त्याला त्याच्या बापाच्या नावासकट ऐकवलं. मैतीन म्हणाला, मासा हातात धरल्याशिवाय ताजा की शिळा कळत नाही, तसंच पानांचं. काचेवर काय कळणार? पण मोबाइल मात्र त्याने सगळ्यांत आधी पुढे केला होता. पद्माक्षनने फोटो काढून घेतला तो पासपोर्टला काढतात तसा. आयुष्यात एकदाही त्या माणसाच्या कानात पान चढलं नव्हतं, आणि हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा. आम्ही ऐकायचो. काय करणार, खरं होतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पद्माक्षन पडवीत आरामखुर्चीवर टेकला आणि त्याने खेळ उघडला. पुढचं अख्ख्या गावाने एकदमच पाहिलं. ग्रुपवर फोटो आला. पांढरा शर्ट, करारी चेहरा, पासपोर्टची नजर. आणि उजव्या कानात हिरवंगार फणसाचं पान, वाऱ्यावर हलणारं. ते हलावं म्हणून प्रसेननने पंधरा दिवस खपून काम केलं होतं.

ग्रुपवर कोण नव्हतं? देवळाचा पुजारी होता, चर्चचे फादर होते, बोट खात्यातले निम्मे लोक होते, पद्माक्षनचा दोहाला असलेला मुलगा आणि सूनही होती. औसेप्पने लागोपाठ अकरा वेळा हसणारं तोंड टाकलं. फादरनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते बहुधा चुकून. सुनेने सासऱ्याला लिहिलं, "अच्छन, छान दिसताय." तिच्या बिचारीच्या मनात काही नव्हतं, पण ते जास्त लागलं.

त्या दिवशी चारला पद्माक्षन जेट्टीवर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाकीचे तिघे पानं पिसून पिसून कंटाळले. इतक्या वर्षांत दिवाकरनला पहिल्यांदाच संध्याकाळचा चहा स्वतःच्या हाताने ओतावा लागला आणि त्याबद्दल तो प्रसेननकडे बघून पुटपुटत होता. मैतीन म्हणाला, "तरी मी सांगत होतो, काचेवर नको." औसेप्प सरळच बोलला, "माझा भिडू घालवलास, हुकूम उघडा. आता तो आणून दे, नाहीतर जेट्टीवर उभंसुद्धा राहू नकोस."

प्रसेननने हिशेब केला. बसायची जागा मिळाली नव्हतीच, आता उभं राहायचीही जाणार होती.

तो पद्माक्षनच्या घरी गेला तेव्हा सारंग पडवीतच होता. मोबाइल टीपॉयवर पालथा घातलेला.

"चेट्टा, चुकलं माझं," प्रसेनन उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "फोटो आपोआप जाणं काढून टाकतो. कुणुक्कूच काढतो. पुढच्या आवृत्तीत राहणार नाही."

"हात लावून बघ कुणुक्कूला," पद्माक्षन म्हणाला. "कुणुक्कू काढलास तर उरलं काय? पोरीबाळींचा पत्त्यांचा खेळ?"

प्रसेनन चक्रावला. ज्याची माफी मागायला तो आला होता, तेच काढू नको असं सारंग म्हणत होता.

पद्माक्षनने मोबाइल उलटा केला, तो फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला. "हा मी. दिसतोय? कानात पान आहे. हरलो, घातलं. माझं काही म्हणणं नाही." म्हणणं होतं, आवाज कापत होता. "आता मला सांग, माझा भिडू कुठाय?"

"भिडू यंत्र आहे, चेट्टा. त्याला चेहरा नाही काढलेला अजून. नुसता गोल आहे."

"चेहरा नाही, मग बोली कुठल्या तोंडाने लावली? अठरा बोलला तो, अठरा! हरायच्या वेळी माझा भिडू, आणि पान घालायच्या वेळी गोल? एकट्याच्या कानात कुणुक्कू कधी पाहिलायस तू? दोघांनी हरायचं आणि एकाने घालायचं, हा कुठला खेळ? हा खेळ नव्हे. ही बेअब्रू आहे."

प्रसेननला हे कधी सुचलंच नव्हतं. तीन वर्षांत त्याने कावळा घातला, भोंगा घातला, पान हलवलं. भिडूला कान द्यायचा राहिला. वीस वर्षं मागे उभं राहून त्याने चौघांची पानं पाहिली होती. समोरासमोर बसलेल्या दोघांमध्ये काय असतं, ते मागून दिसत नाही.

"आणि खेळला कसा ते सांगू?" पद्माक्षन आता उठून उभा राहिला. "मी इस्पिकचा गुलाम टाकला. हात माझा. माझ्या भिडूने काय करावं?"

प्रसेननला पुढचं कळलं. यंत्राला त्याने सगळं शिकवलं होतं. भिडूचा हात मारायचा नाही, हे तर सगळ्यात आधी. पण झाकलेला हुकूम मागायची संधी आली की आधीचं सगळं विसरून ते हुकूम मागून मोकळं होत होतं. ही चूक त्याला ठाऊक होती. सवडीने काढू म्हणून ठेवली होती.

"हुकूम उघडा म्हणालं का?" त्याने विचारलं.

"म्हणालं! आणि हुकमाचा गुलाम माझ्याच गुलामावर आपटला." पद्माक्षन त्याच्याकडे बघत राहिला. "या गावात असं करणारा एकच माणूस मी पाहिलाय. त्या गोलाच्या आत कोण बसलंय ते मला तिथेच कळलं."

प्रसेननने मान हलवली. नाही म्हणायची सोय नव्हती.

"उद्या चारला जेट्टीवर ये," पद्माक्षन म्हणाला. "कान धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी चारला सारंग आला तो हातात फणसाची दोन पानं घेऊन. पानं त्याने स्वतः निवडलेली होती, देठ लांब, एका मापाची. एक त्याने स्वतःच्या कानात अडकवलं. ज्या कानाची एवढी फुशारकी ऐकली, त्यात खरंखुरं पान लटकताना पाहून औसेप्पलासुद्धा हसू आलं नाही. मग पद्माक्षनने दुसरं पान पुढे केलं.

"घे. तुझ्या यंत्राला कान नाही, तुला आहे."

प्रसेननने पान घेतलं. ते त्याच्या कानात बसेना. शेवटी दिवाकरनने उठून बसवून दिलं, चष्मा बसवतात तसं. सरळ झालं का तेही लांबून बघितलं.

"औसेप्प, ऊठ," पद्माक्षन म्हणाला.

"मी? मी का उठू?"

"कुणुक्कू माझा आणि याचा आहे. आम्हा दोघांनाच तो उतरवायचाय. तू काय मधे बसून उतरवणार?"

औसेप्प जागचा हलेना. तो म्हणाला, ही त्याची जागा आहे, त्याच्या आधी त्याचा बाप तिथे बसायचा, आणि ताप आलेला नसताना तो आयुष्यात कधी उठलेला नाही. पण नियम नियम आहे आणि तो औसेप्पलाही माहीत होता. तो उठला, प्रसेनन जिथे रोज उभा राहायचा तिथे जाऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "इथून काहीच दिसत नाही रे!"

प्रसेनन बसला. वीस-बावीस वर्षांनी. गुडघे कुठे ठेवायचे तेही त्याला सुचेना.

दिवाकरनने सतरा गुणांची बोली लावली आणि हुकूम झाकला. डाव पुढे सरकला. पाचव्या हाताला मैतीनने किलवरची नव्वी, गुलामाखालोखाल मोठं पान, टाकली. प्रसेननकडे किलवर नव्हता. वर बदामाचा गुलाम होता, आणि दिवाकरनने बदामच झाकलाय हे त्याच्या यंत्राला कळलं असतं, त्यालाही कळत होतं. हीच वेळ होती हुकूम मागायची. समोर पद्माक्षन डोळे वटारून बघत होता. पान कानाशी हलत होतं. माग ना लेका, माग, असं त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रसेननच्या ओठांपर्यंत शब्द आले. पण त्या दोन शब्दांवर अख्खं गाव इतकी वर्षं हसलं होतं. त्याने मुकाट चौकटची दश्शी टाकली, तीही गुणाचं पान. नव्वी गेली, दश्शी गेली, हात गेला. शेवटी दिवाकरनची बोली काठावर पुरी झाली, म्हणजे डाव गेला.

पद्माक्षनने गोळा केलेली पानं पाटावर आपटली.

"अरे गाढवा! नको तेव्हा बोंबलतोस आणि हवं तेव्हा तोंडात सुपारी? बदामाचा गुलाम घेऊन बसलास, तो काय घरी नेऊन उकडणार होतास? तीन वर्षं यंत्राला शिकवलंस, जरा स्वतःलाही शिकवायचं होतंस, मूर्खा! उतारी किलवरची, तुझ्याकडे किलवर नाही, हुकूम झाकलेला, मी समोर मेल्यासारखा डोळे फाडून बसलोय, आणि हा दश्शी टाकतो! दश्शी! माझ्या आजीने, आंधळ्या माझ्या आजीने, हुकूम मागितला असता!"

तो थांबेचना. बोट आली, माणसं उतरली, दोन कानांतली दोन पानं बघून उभी राहिली, तरी त्याचं चाललंच होतं. मागून औसेप्पने मोठ्या समाधानाने सांगितलं, "मलासुद्धा असंच बोलतो." प्रसेनन मान खाली घालून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. बोटीतून उतरलेल्या शाळेतल्या बाईंना वाटलं, बिचाऱ्याला फारच लागलं. लागलं वगैरे काही नव्हतं. एवढं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं.

दिवाकरनने दोघांचा शेजारी शेजारी उभं करून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

प्रसेनन पान कानात घेऊनच घरी आला. श्रीकलाने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं.

"आता जेवायला बसताना तरी काढाल?"

"जिंकल्याशिवाय काढता येत नाही."

"आणि कधी जिंकणार?"

त्याला ते माहीत नव्हतं. तो मोबाइल घेऊनच ताटावर बसला. ग्रुपवर दोहाहून पद्माक्षनच्या मुलाने विचारलं होतं, "अच्छन, बाजूला कोण उभा आहे?"

पद्माक्षन ग्रुपवर कधी लिहीत नाही. एका बोटाने अक्षरं शोधावी लागतात म्हणून. पण नावाखाली तो लिहितोय असं दिसत होतं. बराच वेळ दिसत राहिलं. प्रसेननने ताटावरचा हात आखडून धरला. मग तीन ओळी एकामागून एक आल्या.

"माझा भिडू."

"बावळट आहे."

"उद्या उतरवू. नाही उतरलं तर परवा."